वरच्या तळ्याचं औषधी पाणी

कंपाउंडरला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नसावी. एकतीस वर्षं त्याने एका डॉक्टरच्या दवाखान्यात पुड्या बांधल्या, गोळ्या मोजल्या, बाटल्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. डॉक्टर वारले, दवाखान्याला कुलूप लागलं आणि कंपाउंडर घरी येऊन आपल्या तळ्यातल्या माशांचा डॉक्टर झाला. मासे तक्रार करत नाहीत, त्यामुळे हा दवाखाना पहिल्यापेक्षा जोरात चालला.

उतारावर एकाखाली एक अशी सहा तळी होती. सगळ्यांत वरचं कंपाउंडरचं, दुसरं मास्तरांचं, मग आणखी तिघांची तीन, आणि सगळ्यांत खालचं ज्याचं होतं त्याला सगळी वस्ती शेपूट म्हणायची. त्यालाही आता ते नाव अंगवळणी पडलं होतं. डोंगरातला झरा आधी कंपाउंडरच्या तळ्यात पडायचा. दर आठ दिवसांनी त्याने बांधातली फळी उचलली की पाणी मास्तरांच्या तळ्यात उतरायचं, मास्तरांनी उचलली की तिसऱ्यात, असं करत करत शेपटाच्या तळ्यात आणि तिथून धुण्याच्या दगडांवरून ओढ्याला. म्हणजे वरच्याचं उष्टं खालच्याने घ्यायचं, असा कारभार. दुसरीकडे कुठे यावरून डोकी फुटली असती. इथे वरच्याचं उष्टं आपल्याला कमी मिळतं म्हणून लोक भांडायचे.

कारण कंपाउंडरचं पाणी औषधी होतं.

रोज सकाळी खाद्याच्या घमेल्यात तो डब्यातली पूड कालवायचा. मोजमाप त्याचं त्याचं. "पूर्ण डोस दिला की जीव घाबरतो," तो सांगायचा. "थोडं थोडं द्यायचं, पण रोज द्यायचं. मिठासारखं. चवीपुरतं." हे त्याने कोणत्या पुस्तकात वाचलं ते विचारू नका, पुस्तक नव्हतंच. औषधांची नावं मात्र सगळी तोंडपाठ. ऑक्सिटेट्रासायक्लिन हा शब्द तो एका दमात, कुठेही न अडखळता असा म्हणायचा की ऐकणाऱ्याचं निम्मं दुखणं तिथेच पळावं. एरिथ्रोमायसिन म्हणताना डोळे जरा मिटायचा. वस्तीत कुणीही, केव्हाही नाव विचारावं, आणि कंपाउंडर अडला असं कधी झालं नव्हतं. एकदा सुनेच्या माहेरून आलेल्या पाहुण्याने जेवताना सहज एका गोळीबद्दल विचारलं. कंपाउंडरने तिचं नाव सांगितलं, तिच्या जातीतल्या दुसऱ्या गोळीचं सांगितलं, दोघींचे रंग सांगितले, आणि दोघींचे पोटावर काय परिणाम होतात तेही सविस्तर सांगितलं. पाहुणा अर्ध्या ताटावरून उठला.

एखादं औषध चालेनासं झालं, माशांच्या अंगावर पुन्हा लाल चट्टे दिसू लागले, की तो दुसरा डबा काढायचा. "ते औषध जुनं झालं," एवढंच म्हणायचा. अकरा वर्षांत अशी पाच औषधं जुनी झाली होती आणि रिकामे डबे त्याने माळ्यावर ओळीने मांडून ठेवले होते. बायकोने त्यात एकदा डाळ भरायला घेतली, तर दोन दिवस घरात अबोला होता.

खालच्या लोकांचा या पाण्यावर फार जीव. मास्तरांचा घसा बसला की ते त्याच पाण्याच्या गुळण्या करायचे. शेपटाची सासू संध्याकाळी पाय दुखायला लागले की वरच्या तळ्याची बादली मागवायची आणि त्यात घोट्यापर्यंत पाय बुडवून बसायची. "मधल्या तळ्यातलं नको हो," असं बजावून सांगायची.

त्या वर्षी उन्हाळा लांबला. झरा करंगळीएवढा झाला, तळी निम्म्यावर आली आणि खालच्या तळ्यांतले मासे पोटं वर करून तरंगायला लागले. शेपटाने एका सकाळी टोपलीभर मेलेले मासे आणून कंपाउंडरच्या अंगणात ठेवले.

"काका, बघा हे."

कंपाउंडरने एक मासा उलटा केला. पोटाखाली लाल चट्टे, पर कुजलेले. "औषध कमी पडतंय," तो म्हणाला.

"तेच म्हणतोय मी! तुमचं पाणी आमच्यापर्यंत येतं तेव्हा त्यात राहतं काय? मधले चौघं चाटून पुसून घेतात. आमच्या नशिबी नुसतं पाणी."

"मग?"

"मग सरळ पाट काढायचा. तुमच्या तळ्यापासून थेट. प्रत्येकाच्या तळ्याला त्यातून फाटा. ताजं औषध सगळ्यांना सारखं."

कंपाउंडरने मासा टोपलीत ठेवला आणि हात शर्टाला पुसले. त्याची छाती दोन बोटं वर आली होती. एकतीस वर्षांत कोणी त्याच्या हातच्या औषधासाठी जमीन खणायला निघालं नव्हतं. "पाटाला माझं नाव बिव काही देऊ नका," तो म्हणाला. कोणी दिलंच नव्हतं. संध्याकाळी त्याने मास्तरांनाही तेच सांगितलं, म्हणून मास्तरांनी पाटी रंगवायला घेतली.

वस्तीतले सगळे खणायला लागले. वीस दिवसांचं काम होतं. पहारी, कुदळी, घमेली. खालची जमीन मुरमाड, पहार मारली की हात खांद्यापर्यंत झिणझिणायचे. शेपटाच्या तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. कंपाउंडर बांधावर खुर्ची टाकून बसायचा आणि कुणाचा फोड फुटला की आपली पूड लावून द्यायचा.

काम सुरू झाल्यावर आठव्या दिवशी त्याला घरच्या तळ्यात उतरावं लागलं. मुलगा बाहेरगावी कामाला होता, त्यामुळे जाळं ओढायला सून आणि तो. कमरेएवढ्या गढूळ पाण्यात दोघं दोन टोकांना चालत निघाली. जाळं जड लागलं. त्यात एक हातभर लांबीचा मिशाळ मासा अडकला होता. सून म्हणाली, "बाबा, त्याला मी काढते, त्याच्या पराला काटा असतो."

"मला शिकवतेस?" कंपाउंडर म्हणाला आणि त्याने मासा धरला. माशाने एकदाच अंग झटकलं. काटा उजव्या अंगठ्यात, नखाच्या खालच्या पेरात, चांगला अर्धं बोट शिरला.

"काही नाही," कंपाउंडर म्हणाला. डोळ्यांत टचकन पाणी आलं ते त्याने तळ्याच्या पाण्याने धुतलं. अंगठाही त्याच पाण्यात खळबळून घेतला, कारण ते औषधीच होतं.

दुसऱ्या दिवशी अंगठा लाल झाला. तिसऱ्या दिवशी तो सुजून गुळगुळीत झाला, सुरकुत्या सगळ्या गेल्या. एवढा तरुण अवयव कंपाउंडरच्या अंगावर दुसरा नव्हता. त्याने पिवळी पूड लावली. मग माळ्यावरचा डबा काढून तळाला राहिलेली पांढरी लावली. मग कॅप्सूल फोडून आतलं लावलं आणि एक गिळलीही. चवीपुरती.

"दवाखान्यात चला," बायको म्हणाली.

"मी कोण आहे?" त्याने विचारलं.

"तुम्ही कोण आहात ते मला माहीत आहे. अंगठ्याला माहीत नाही."

सहाव्या दिवशी त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. बायको समोर उभी राहून एकेक बटण लावायची आणि तो तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहायचा. बंडीच्या नाड्या, चपलेचा पट्टा, सगळं तीच. डाव्या हाताने जेवायला गेला तर घास कानाकडे जायला लागला. सून पाहते आहे हे कळल्यावर तो म्हणाला, "आज भूकच नाही." मग सून मुद्दाम उठून बाहेर गेली आणि बायकोने त्याला चार घास भरवले. त्याने खाल्ले, पण असा अपमान त्याच्या आयुष्यात झाला नव्हता. पहाटे पहाटे अंगठ्यात ठणका लागायचा आणि तो उठून पाय हलवत बसायचा, जणू दुखणं पायातून निघून जाणार होतं.

पाटावर मात्र तो रोज जायचा. उजवा हात पाठीमागे ठेवून. शेपटाने विचारलं, "काका, हात का लपवताय?"

"ऐट आहे," कंपाउंडर म्हणाला.

दहाव्या दिवशी बायकोने काही विचारलं नाही. तिने पिशवी भरली, सुनेला तळं बघायला सांगितलं आणि नवऱ्याचा डावा हात धरून त्याला गाडीत बसवलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. कंपाउंडरच्या मते त्या त्याच्या सुनेपेक्षा लहान होत्या, म्हणजे त्यांना काय कळणार. त्यांनी पट्टी सोडली आणि नाक न मुरडता अंगठा जवळून पाहिला. हे मात्र त्याला आवडलं.

"काय काय लावलंत?"

कंपाउंडर खुलला. त्याने लावलेली, न लावलेली, डब्यांवरची पाचही नावं एका दमात सांगितली.

"एवढी नावं? तुम्ही कोण?"

"या क्षेत्रातलाच आहे," तो म्हणाला. बायको खिडकीबाहेर बघायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, कापसाच्या काडीने आतला पू घेतला, तो तपासायला पाठवला, गोळ्या दिल्या आणि तीन दिवसांनी यायला सांगितलं. तीन दिवसांत गोळ्यांनी काही झालं नाही. सूज मनगटाकडे सरकली आणि हातावर एक लाल रेघ वर चढायला लागली. ती रेघ पाहून कंपाउंडर पहिल्यांदा घाबरला. एकतीस वर्षांत त्याने तशा रेघा पाहिल्या होत्या आणि त्या माणसांचं पुढे काय झालं तेही पाहिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी एक छापील कागद त्याच्यापुढे ठेवला. "वाचता येतं ना? वाचा."

कागदावर औषधांची यादी होती आणि प्रत्येकापुढे एकच शेरा. चालत नाही. टेट्रासायक्लिन, चालत नाही. अँपिसिलिन, चालत नाही. सल्फा, चालत नाही. एरिथ्रोमायसिन, चालत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, चालत नाही. कंपाउंडर बोट ठेवून वाचत गेला आणि मध्येच थांबला. ही यादी त्याला पाठ होती. त्याच्या माळ्यावर हीच ओळ मांडलेली होती.

"यातली सगळी तुम्ही घेतली आहेत का कधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "माशांनी."

मग त्याने सगळं सांगितलं. अकरा वर्षं, पाच डबे, रोज सकाळी, चवीपुरतं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, त्याचाच त्याला जास्त त्रास झाला. त्या म्हणाल्या, "काका, पाण्यात जंतू असतातच. तुम्ही थोडं थोडं औषध घातलंत. जे लेचेपेचे होते ते मेले. जे उरले त्यांना त्या औषधाचं काहीच वाटत नाही. त्यांचीच पिलावळ वाढली. मग तुम्ही दुसरं घातलंत. पुन्हा तेच. असे पाच वेळा निवडून निवडून उरलेले जंतू तुमच्या तळ्यात आहेत, आणि त्यांतलेच तुमच्या अंगठ्यात."

"म्हणजे मीच त्यांना तयार केले."

"हो."

"आता?"

डॉक्टरीणबाईंनी यादीच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे एकाच नावापुढे 'चालतं' असं होतं. इंजेक्शनचं नाव. लांबलचक, जीभ दोनदा वळावी असं. कंपाउंडरने ते एकदा वाचलं आणि ते त्याच्या डोक्यात जाऊन बसलं. "हे एकच उरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दहा दिवस इथे राहायचं, शिरेतून घ्यायचं. याने नाही भागलं तर अंगठा काढावा लागेल, कदाचित हात. आणि हे औषधही उद्या कोणाच्या तळ्यात गेलं, तर मग माझ्याकडे नुसती सुरी उरेल."

"आजच दाखल करून घ्या," बायको परस्पर म्हणाली.

पण कंपाउंडर उभा राहिला. "आज चार वाजता पाट उघडतोय," तो म्हणाला. "माझं पाणी थेट पाच तळ्यांत जाणार. शेपटाची सासू त्यात पाय बुडवून बसते. तिच्या टाचेला भेगा आहेत." त्याच्या कपाळावर घाम आला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला पहिलं इंजेक्शन दिलं, हात पांढऱ्या कापडात गुंडाळून गळ्यात अडकवला आणि सांगितलं, सहा वाजता इथे नसलात तर मी गाडी पाठवून उचलून आणेन.

पाटाच्या तोंडाशी सगळी वस्ती जमली होती. लाल फीत, चार खुर्च्या, एक टेबल, आणि मास्तरांनी रंगवलेली पाटी: 'कंपाउंडर औषधी पाट'. गळ्यात हात अडकवलेला कंपाउंडर बांधावर चढला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेपटाने त्याच्या डाव्या हातात कात्री दिली.

"पाट उघडू नका," कंपाउंडर म्हणाला. "माझं पाणी घेऊ नका. ते चांगलं नाही."

लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. "किती विनय!" मास्तर म्हणाले.

"अहो, विनय नाही! माझ्या औषधाने त्या पाण्यात असले जंतू झालेत की त्यांना आता कोणतंच औषध चालत नाही. हा बघा कागद." त्याने खिशातला कागद काढला. मास्तरांनी चष्मा लावून तो खालून वर आणि वरून खाली वाचला.

"जंतूंमध्ये प्रतिकारशक्ती आली आहे, असं लिहिलंय," मास्तरांनी जाहीर केलं. "म्हणजे ताकदीचं पाणी आहे. वाईट काय त्यात?"

"ताकद जंतूंची, मास्तर! तुमची नाही!"

शेपटाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्याने आपले दोन्ही तळहात पुढे केले. "हे बघा काका. वीस दिवस खणलंय. आणि आता तुम्हाला पाणी द्यायचं जिवावर आलं? इतके दिवस बांधावर बसून मजा बघत होतात?"

"तसं नाही रे बाबा."

"मग कसं? वरचं तळं तुमचं, झरा तुमचा, औषध तुमचं. सगळं तुमच्याच घशात घाला." शेपटाने फीत हाताने तोडली आणि तो फळीकडे निघाला. दोघंतिघं त्याच्यामागे गेले.

कंपाउंडरला धावता येत नव्हतं, एका हाताने कोणाला धरता येत नव्हतं. आयुष्यभर लोकांनी त्याचं खोटं ऐकलं होतं आणि आज तो पहिल्यांदा खरं बोलत होता तर कोणी ऐकेना. त्याला रडू आलं. ते त्याने तसंच राहू दिलं, तो पाटात उतरला आणि इस्त्रीच्या पँटीसकट फळीला पाठ लावून खाली बसला. उजवा हात त्याने गळ्यातल्या कापडातून काढून डोक्याच्या वर धरला होता.

"काका, उठा."

"नाही उठत."

"अहो, चिखल आहे."

"असू दे."

शेपटाने फळी चार बोटं वर केली. कंपाउंडरच्या कमरेखालून, दोन्ही बाजूंनी पाणी यायला लागलं. खिशात परत ठेवलेल्या कागदाचा लगदा झाला. तो डावीकडे सरकला की उजवीकडून यायचं, उजवीकडे सरकला की डावीकडून. लोक हसायला लागले, तेवढ्यात बायकोने चपला काढून बांधावर शेजारी शेजारी ठेवल्या. चाळीस वर्षांच्या संसारात तिने चारचौघांत नवऱ्याची बाजू घेतल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. ती कासोटा खोचून पाटात उतरली.

"सरका तिकडे," ती म्हणाली. "एवढंसं अंग तुमचं, त्याने पाणी अडतं का?" आणि ती त्याच्या शेजारी फतकल मारून बसली. पाणी थांबलं.

म्हाताऱ्याला उचलून बाजूला ठेवता आलं असतं, पण त्या बाईच्या अंगाला हात लावायची हिंमत वस्तीत एकाचीही नव्हती, तिच्या नवऱ्याचीसुद्धा नसावी. मास्तर म्हणाले, "आपण असं करू, पुढच्या आठवड्यात बघू." सून फावडं घेऊन आली आणि तिने सासू-सासऱ्यांच्या समोर माती टाकायला सुरुवात केली. शेपटाने पाटी उपटली, ती खांद्यावर टाकली आणि तो जाता जाता म्हणाला, "माझ्या तळ्यावर पायखाना बांधायचाय. दाराला होईल." हे मात्र कंपाउंडरला लागलं.

पुढचे दहा दिवस तो दवाखान्यात होता. दिवसातून दोनदा ते इंजेक्शन शिरेतून जायचं. बाटलीवरचं नाव त्याच्या डोळ्यांसमोरच टांगलेलं असायचं, आणि सवयीने तो ते मनाशी घोकायचा. बायको स्टुलावर बसून त्याला भरवायची आणि आता तो भिंतीकडे बघत नसे. चौथ्या दिवशी लाल रेघ उतरली. सातव्या दिवशी अंगठ्याला पहिली सुरकुती पडली आणि ती पाहून बायको रडली. डॉक्टरीणबाई मध्येच एकदा वस्तीवर जाऊन आल्या, सहाही तळ्यांचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेल्या. त्यांनी सांगितलं, वरच्या तळ्याची फळी उचलायची नाही, पूड बंद, झरा बाहेरून वळवून तळं उन्हात पूर्ण आटू द्यायचं. पाय बुडवायला आणि गुळण्यांना घरातलं उकळलेलं पाणी. लोकांनी त्यांचं ऐकलं, कारण त्या मोटारीतून आल्या होत्या.

अंगठा वाचला. पेर जरा वाकडं राहिलं, नख गेलं, पण अंगठा होता. घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी अंगणात वस्ती जमा झाली. शेपूट सगळ्यांच्या पुढे. त्याने कंपाउंडरचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, अंगठा हलवून पाहिला.

"काका, चुकलं आमचं. तुम्हाला नाही नाही ते बोललो."

"जाऊ दे रे."

"नाही, खरंच. हा अंगठा जायचाच होता, गळ्यात अडकवलेला हात मी स्वतः पाहिला. दहा दिवसांत नवा. याला म्हणतात औषध." शेपूट मागे वळला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तो पुढे झाला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काय नाव म्हणालात त्या इंजेक्शनचं? पूड मिळते का त्याची? तुमची ती पाच गेली चुलीत. आम्ही ठरवलंय, हेच घालायचं सगळ्या तळ्यांत. थोडं थोडं. तुम्ही म्हणता तसं."

मास्तरांनी खिशातून वही काढली, पेनाचं टोपण काढलं आणि ते कंपाउंडरच्या तोंडाकडे बघायला लागले.

त्याने तोंड उघडलं. नाव जिभेच्या टोकावर होतं, सगळंच्या सगळं, एका दमात म्हणता येण्यासारखं. आजवर त्याने पाठ केलेल्यांत सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत देखणं नाव. इतके लोक, इतकी शांतता, आणि वही उघडलेली. असा प्रसंग त्याच्या वाट्याला पुन्हा येणार नव्हता आणि हे त्याला कळत होतं.

"आठवत नाही," कंपाउंडर म्हणाला.

"काय?"

"आठवत नाही रे. विसरलो."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. "आठवा ना," मास्तर म्हणाले. "त्या कागदावर होतं, पण तो पाटात भिजून गेला. सुरुवातीचं अक्षर तरी?"

"नाही आठवत."

"कंपाउंडरला औषधाचं नाव आठवत नाही?" मागून कोणीतरी म्हणालं आणि एक जण खुदकन हसला. मग दुसरा हसला. "म्हातारे झाले काका," तिसऱ्या तळ्याची मालकीण कळवळून म्हणाली, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. कंपाउंडर मान खाली घालून बसला. त्याचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात दारातून बायको म्हणाली, "हल्ली विसरतातच ते. परवा मला विचारत होते, तू कोण म्हणून. घरी जा सगळे, त्यांना आराम करू द्या."

माणसं पांगली. मास्तरांनी वही मिटली. शेपूट जाता जाता दोनदा वळून बघत होता, त्याला अजून आशा होती. सगळे उतारावरून खाली गेले तेव्हा कंपाउंडरने शर्टाच्या बाहीला डोळे पुसले. बायको येऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"खरंच विसरलात?" तिने हळूच विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. दहा दिवस ती त्या बाटलीखाली बसली होती.

"हो," तो म्हणाला. "आणि तूही विसरलीस."

"मला कुठे कधी म्हणता येत होतं," ती म्हणाली आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं राहिलं होतं ते तिने लावलं.